वाटेत एक संग्रहालयही आहे

जयगडातल्या एखाद्या घरात नववीतल्या मुलीला इंटरमिजिएट ड्रॉइंगमध्ये अ श्रेणी मिळाली, की त्या घराची चित्रकलेशी पहिली खरी ओळख होते. तोवर चित्रकला फक्त फरशीवरच्या डागांतून भेटलेली असते. ही परीक्षा पास झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, एवढं शाळेतून कळलं की कालपर्यंत "आधी ते रंग आवर" म्हणून ओरडणारी आई शेजारणीला बोलावून मुलीने काढलेला माठ दाखवू लागते. शेजारीण बराच वेळ माठाकडे बघते आणि म्हणते, "अगदी आमच्यासारखाच आहे हो. फक्त आमचा गळतो."

मग ड्रॉइंगचे सर एक वाक्य बोलतात. "आता हिला मूळ चित्रं दाखवा. छापील बघून डोळा तयार होत नाही." सर बोलून मोकळे होतात. ते वाक्य घरी पोचतं, चहाबरोबर फिरतं आणि रात्रीपर्यंत त्याचा बेत झालेला असतो. बेत म्हटला की त्यात घरातला प्रत्येक माणूस आला, कारण कोकणात एकट्याने कुठे जाणं हे एकतर कोर्टाच्या तारखेला किंवा दवाखान्यात.

पहिला प्रश्न, जायचं कुठे? सगळ्यात जवळचं नाव निघतं रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतलं, त्याला इथे आणून ठेवलं आणि १९१० मध्ये हा राजवाडा बांधून दिला. आज तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. पण तो राजवाडा प्रत्येकाच्या शाळेच्या सहलीत होऊन गेलेला. "त्यात परत काय बघायचं?" असं मुलीचे बाबा म्हणतात. यावर थोरल्या काकांचं म्हणणं असं, की राजा बिचारा १९१६ साली मरेपर्यंत रत्नागिरीतच राहिला, तो नाही कंटाळला, तुम्हीच बरे अर्ध्या दिवसात कंटाळता! राजाला जाण्याची परवानगी नव्हती, हा मुद्दा काका सोडून देतात.

दुसरं नाव देवरुखचं. तिथल्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात नामवंत भारतीय चित्रकारांची अस्सल चित्रं आहेत. तालुक्याच्या एवढ्याशा गावात असं काही असावं, ही जिल्ह्याने मिरवावी अशी गोष्ट आहे, आणि जिल्हा ती तितक्याच निष्ठेने विसरतो. देवरुखवर फुली मात्र वेगळ्याच कारणाने बसते. तिथे मावशी राहते. देवरुखला जाऊन मावशीकडे न जाणं शक्य नाही, मावशीकडे जाऊन न जेवता उठणं शक्य नाही आणि तिच्याकडे जेवून दुपारी डोळे उघडे ठेवून चित्रं बघणं तर कोणाच्याच हातात नाही. शिवाय सरांनी सांगितलेलं असतं, की एकाच चित्रकाराचं संग्रहालय दाखवा. त्याचा हात कसा बदलत गेला ते कळतं.

इथे बेताला पहिली खीळ बसते. मराठी मुलखाने चित्रकार पुष्कळ दिले, त्यांना घरं मात्र फारशी दिली नाहीत.

तसं पाहिलं तर कोकणातलं प्रत्येक जुनं घर हेच संग्रहालय होतं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती मुंबईच्या चाकरमान्यांच्या ट्रंकेतून बोटीने कोकणात उतरल्या. माजघरात त्यांची स्थापना झाली. मग दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर आले. दोघेही मूळचे गोव्याचे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आणि कॅलेंडरांवरून ते घराघरांत शिरले. वर्ष संपलं तरी मुळगावकरांचा कृष्ण भिंतीवरून उतरवायला कोणाचा हात धजावत नसे. फक्त खालचे तारखांचे कागद फाडून वाणसामानाच्या यादीला वापरत. अशा घरातल्या आजीला "मूळ चित्र बघायला जायचंय" म्हटलं, तर ती म्हणते, "आपल्याकडचं काय खोटं आहे?" या प्रश्नाला कलासमीक्षकांकडेही झटपट उत्तर नाही.

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचंच घ्या. जन्म १८८२, गाव सावंतवाडी, म्हणजे अगदी आपल्या वाटेवरचा माणूस. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या हातात पेटता दिवा देऊन तिला उभं केलं आणि १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात ते चित्र रंगवलं. बोटांतून झिरपणारा उजेड, चेहऱ्यावरची ऊब, सगळं पाण्याच्या रंगात, जिथे चूक पुसता येत नाही. ते चित्र आज आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. तिथे ते बघून आलेला प्रत्येक मराठी माणूस गावी येऊन सांगतो, "रविवर्म्याचं एक दिव्यावालं चित्र पाहिलं, काय सांगू!" रविवर्मा १९०६ मध्ये वारला. चित्र त्यानंतर चाळीस वर्षांनी झालं. तरी श्रेय त्यालाच. हळदणकरांची ती मुलगी पुढे कोल्हापुरात राहिली आणि शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेली. म्हणजे चित्र म्हैसुरात, चित्रातली बाई कोल्हापुरात, चित्रकार सावंतवाडीचा आणि नाव किलिमानूरच्या रविवर्म्याचं. सहल काढायची झाली तर तीन राज्यांत काढावी लागेल.

आबालाल रहिमान यांची गोष्ट तर याहून अवघड. राजर्षी शाहू महाराजांनी आश्रय दिलेला हा चित्रकार. १९२२ मध्ये महाराज गेले आणि आबालालांनी दुःखाच्या भरात आपली शेकडो चित्रं कोटितीर्थ तलावात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. काका हे वाचून दाखवतात तेव्हा घरात क्षणभर कोणी बोलत नाही. मग आजी विचारते, "तळं आहे का अजून?" आहे म्हटल्यावर ती म्हणते, "मग ते तरी दाखवा मला." पाणी बघायला जयगडहून कोल्हापूरला जाणारी ती बहुधा पहिलीच.

शेवटी उत्तरही कोल्हापुरातच सापडतं. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय आहे. हे नाव उच्चारताच आजी सावरून बसते. तिला चंद्रकांत ठाऊक आहेत ते पडद्यावरचे: भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'तले महाराज, 'सांगत्ये ऐका'तले, आणि १९६६ च्या 'पवनाकाठचा धोंडी'तले, जिथे धाकटे भाऊ सूर्यकांतही सोबत होते. "ते चित्रं काढायचे?" तिला हे नवीन असतं. ते आधीपासूनच चित्रं काढत होते, बाबूराव पेंटरांच्या तालमीतले होते, आणि ज्या बाबूरावांनी स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवून १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला त्यांच्या कोल्हापुरात नट आणि चित्रकार हे दोन वेगळे धंदे नव्हते, हे तिला सांगून उपयोग नाही. तिच्या लेखी छत्रपती निवृत्त झाल्यावर निसर्गचित्रं काढू लागले. यात तिला वावगं काहीच वाटत नाही.

चंद्रकांतांची खासियत पावडर शेडिंग. पाण्याचा किंवा तेलाचा रंग नाही, कोरड्या रंगाची भुकटी कागदावर घासत, सावरत केलेली निसर्गदृश्यं. शूटिंगला जातील तिथे डोंगर, नदी, झाडं कागदावर उतरवून आणायची. आणि हयातीतच त्यांनी राहतं घर चित्रांसकट राज्य सरकारला देऊन टाकलं.

याच वाक्याशी घरातली चर्चा तासभर अडते. चित्रं बाजूलाच राहतात. "घर सरकारला दिलं? राहतं?" बाबा विचारतात. काका चष्मा काढतात. ज्या मुलखात सातबाऱ्यावर पणजोबांच्या चुलतभावांची नातवंडं सुखाने नांदतात, परसातला फणस कोणाचा यावर दोन पिढ्या तालुक्याच्या गावी तारखा घालवतात, तिथे एक माणूस उठतो आणि घर देऊन टाकतो! "भावकीने सह्या केल्या?" हा काकांचा प्रश्न. "वारस नोंद कशी केली असेल?" हा बाबांचा. चित्रकलेतलं ज्याला काही कळत नाही त्यालाही या दानाची किंमत कळते, आणि संग्रहालय बघायलाच हवं यावर घराचं एकमत होतं ते इथे. आजीचा हट्ट आणि मुलीचे गुण जिथे कमी पडले असते तिथे सातबारा कामी येतो.

जगात चित्रकारांनी आपापल्या परीने ही सोय लावली आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग जिवंत होता तोवर त्याची चित्रं जवळजवळ खपलीच नाहीत. त्याच्या भावाच्या विधवेने, योने, ती जपली, पत्रं छापली, प्रदर्शनं भरवली, आणि पुढे १९७३ मध्ये आम्सटरडॅममध्ये त्याचं संग्रहालय सुरू झालं. आता तिथलं तिकीट आधीच ऑनलाइन घ्यावं लागतं, आणि त्यावर आत शिरायची वेळही छापलेली असते. कोकणातल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. ठरल्या वेळेला निघणं ही आपल्याकडे फक्त बोटीची आणि गणपतीची रीत. स्पेनमधल्या साल्वादोर दालीने तर यादवी युद्धात जळालेलं गावचं नाटकगृहच घेतलं, १९७४ मध्ये तिथे स्वतःचं संग्रहालय उभं केलं आणि मेल्यावर त्याच्याच खाली स्वतःला पुरून घेतलं. २०१७ मध्ये एका बाईच्या दाव्यावरून कोर्टाने त्याला वर काढलं, तेव्हा त्याच्या प्रसिद्ध मिशा जशाच्या तशा ताठ होत्या. दावा खोटा निघाला. आजीला या सगळ्यात एवढंच जाणून घ्यायचं असतं, की असलं संग्रहालय बघून आल्यावर आंघोळ करायची का.

ठिकाण ठरलं, आता दिवस. चित्रकलेवर बोलताना जे घर तासाभरात एकमताला आलं, ते दिवसावर आठवडा घालवतं. सोमवारी संग्रहालयच बंद. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईला गर्दी, रविवारी जोतिबाला. बुधवार चालेल, पण तेव्हा शाळा. गुरुवारी कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा न खाता परत यायचं, तर मग जायचंच कशाला, असं बाबा स्पष्ट विचारतात. शनिवार उरतो, पण ज्या शनिवारी संकष्टी आहे तो बाद, ज्या शनिवारी पाहुणे आहेत तो बाद, आणि काकांचा शनिवारी उपास असल्याचं आजवर कोणाला ठाऊक नव्हतं ते आता समोर येतं.

वर्षाचा हिशेब तर आणखी गुंतलेला. गणपतीत कोणी हलत नाही. त्यानंतर भातकापणी. मग आंब्याला मोहोर, फवारणी, राखण. मग शिमगा. मग काढणी, पेट्या, चाकरमानी. जयगडच्या खाडीत होड्या एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारीबंदीत थांबतात, तेव्हा सगळ्यांना सवड. पण नेमका तेव्हाच आंबा घाट खाली यायला लागतो. २०२१ च्या जुलैत तो असा खचला, की कोल्हापूर काही काळ परदेश झालं. सवड असते तेव्हा घाट नसतो, घाट असतो तेव्हा सवड नसते. या दोन्हींच्या फटीत जो काय एखादा आठवडा मिळेल त्यात कलेची सेवा करायची.

जायचं कशाने, हे खरं तर एसटीने सोडवलेलं गणित आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट, पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं. म्हणजे आजी फुकट, आई, काकू, मुलगी निम्म्यात. पूर्ण तिकीट भरणारे तिघेच, बाबा, काका आणि मुलीचा भाऊ. काकूने हे कागदावर मांडून दाखवलं आणि सुचवलं, की चित्रं बघायला बायकांनीच जावं, पुरुषांनी घर राखावं, खर्चही वाचेल आणि घाईही टळेल. इतकी साधी, स्वस्त आणि रास्त सूचना घरात एकमुखाने फेटाळली गेली. गाडी ठरली.

गाडी ठरली की बेत फुगतो. जयगड ते कोल्हापूर पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर: चाफे, निवळी, हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, बांबवडे. यातल्या प्रत्येक नावापुढे काहीतरी चिकटतं. निवळीपर्यंत बंदराचे ट्रक, म्हणून पहाटे निघायचं. पालीला कोणाला तरी पाकीट द्यायचं आहे. साखरप्याला चहा. घाटाआधी काकूला आवळा सुपारी, आईला लिंबू, आणि पुढच्या सीटवर नक्की कोणाला जास्त मळमळतं यावर एक वाद, ज्यात दरवेळी काकाच जिंकतात, खरं तर त्यांना काही होत नसतं. येताना मलकापूरला गूळ आणि भाजी घ्यायची. जाताना कोल्हापूरच्या पाहुण्यांना सुकट आणि कोकमं न्यायची. सुकटीचा डबा टपावर बांधायचा, आत नको, मागच्या वेळचा वास अजून सीटला आहे.

कोल्हापुरात पोचल्यावर अंबाबाई पहिली. देवी आधी, हे कोणी सांगावं लागत नाही. रांग किती असेल हे देवीच जाणे. मग जेवण. मग चपला. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये जवळपास तसल्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरली, तेव्हापासून काकूला कोल्हापुरी घेणं हे राष्ट्रकार्य वाटतं. राष्ट्रकार्याला वेळ लागतो, कारण चप्पल कुठे चावते हे दहा जोड घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. मग रंकाळा, कारण रंकाळ्याला न जाता परतलो तर गावात सांगायचं काय? आजीचं कोटितीर्थ. जोतिबा नको म्हणता म्हणता वाटेवरच आहे.

मुलीचा भाऊ हे सगळं वहीच्या पानावर लिहीत असतो. पहिल्या मसुद्यात मांढरे कलासंग्रहालयाला दोन तास होते. अंबाबाईची रांग धरल्यावर दीड तास. चपलांनी त्यातला अर्धा खाल्ला. रंकाळ्यावरची भेळ घातल्यावर पाऊण. जोतिबा आत शिरल्यावर पानाच्या तळाशी उरलं, "संग्रहालय – साडेचार ते पावणेपाच (जमल्यास)". सरकारी संग्रहालयं संध्याकाळी लवकर दारं लावतात, त्यामुळे जमल्यास हा शब्द विनोदाने लिहिलेला नाही. मुलगी ते पान बघते आणि सरांकडे जाते. सर म्हणतात, "हरकत नाही. सगळी बघू नको. एकच चित्र निवड आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी राहा. झाडांच्या मागची हवा चंद्रकांतांनी भुकटीने कशी धूसर केली, एवढंच बघ." मुलगी घरी येऊन सांगते. "एकाच चित्रासमोर दहा मिनिटं?" बाबा विचारतात. "आणि बाकीच्यांनी काय करायचं?" काका म्हणतात, उरलेल्या पाच मिनिटांत बाकीची आम्ही बघून घेऊ, तू काळजी करू नकोस.

हा सगळा तिढा सोडवतो तो ड्रायव्हर. रविवारी संध्याकाळी तो भाडं ठरवायला ओसरीवर येतो, पान बघतो, पेन मागतो. देवळाच्या रांगेत तुम्ही, चपलांच्या दुकानात तुम्ही, रंकाळ्यावर तुम्ही. पण तिकडे सगळीकडे त्याला गाडीपाशी जागं राहावं लागणार, पार्किंगवाले उठवतात. रात्री परत आंबा घाट उतरायचा आहे. पहाटे तीनला उठलेल्या माणसाला मध्ये कुठेतरी पडायला हवं. राजारामपुरीतल्या गल्ल्या सावलीच्या आहेत, त्याला माहीत आहेत.

"चित्रंबित्रं बघायला तिथे चांगला तासभर लावा हां, काका," तो म्हणतो. "घाईने येऊ नका. झोप मोडली तर घाटात मी जबाबदार नाही."

काकांनी मुकाट्याने जोतिबा खोडला. मग जरा विचार करून भेळही खोडली. काकूने चपलांना हात लावू दिला नाही.